चारित्र्य चांगले

ठाण्यातल्या आमच्या शाळासोबत्यांच्या गटात गेला आठवडाभर एका कादंबरीवरून वाद चालला आहे. नाशिकच्या पोलीस अकादमीतून नुकताच बाहेर पडलेला एक फौजदार पहिल्याच नेमणुकीत हप्त्यातला आपला वाटा नाकारतो आणि तीन महिन्यांत नियंत्रण कक्षाशी ‘संलग्न’ होतो, म्हणजे ठाण्यातून उचलून बाजूला बसवला जातो, एवढेच तिचे कथानक. लेखकाने पोलीस ठाणे बाहेरूनच पाहिलेले दिसते, असे नौपाड्यातल्या एका मित्राने लिहिले. दुसऱ्याने नायकाला ‘बावळट’ ठरवले आणि त्या शेऱ्याला अकरा अंगठे मिळाले. मला राग आला तो त्या अंगठ्यांचा.

या पोराने बावळटपणा तो काय केला? ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद त्याच्या खात्याचेच आहे. त्याने ते खरे मानले. शिवाय कादंबरीचा विषय त्याचा भाबडेपणा नाही, बदली हा आहे. पोलीस सुधारणांसाठीच्या प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठाणेप्रमुखाला किमान दोन वर्षांची मुदत द्यावी आणि बदल्या वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांच्या आस्थापना मंडळाने ठरवाव्यात, असे बजावले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा दुरुस्त करून मंडळे नेमली खरी, पण मुदतपूर्व बदलीसाठी ‘लोकहित’ आणि ‘प्रशासकीय निकड’ या शब्दांची खिडकीही उघडी ठेवली. आपला फौजदार त्याच खिडकीतून बाहेर फेकला जातो. हे लिहिणाऱ्याला पोलीस ठाणे ठाऊक नाही, असे कसे म्हणावे?

मी आता लंडनमध्ये राहतो. इथल्या हाउन्स्लो भागात माझ्या गाडीची काच फुटली तेव्हा पोलिसांकडून फोनवर तक्रारीचा क्रमांक मिळाला. चोर सापडला नाही, पण चहापाणीही कोणी मागितले नाही, हे मी गटात जरा मिरवूनच सांगितले. २०२३ च्या केसी अहवालाने लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलीस दलावर संस्थात्मक वंशवाद, स्त्रीद्वेष आणि समलिंगीद्वेष यांचा ठपका ठेवला, हे मात्र मी गाळले. ते घोडबंदर रोडवरच्या एका मित्राने शोधून काढले आणि वर विचारले, “तिथे बसून बोलायला तुझे काय जाते?”

काय जाते ते सांगतो. २००८ साली माझ्या पासपोर्टच्या पडताळणीसाठी तलावपाळीजवळच्या आमच्या घरी एक हवालदार आले होते. आईने पोहे दिले. ते खाऊन झाल्यावर, “मुलगा लंडनला चाललाय, आमच्याकडेही बघा जरा”, असे ते अगदी घरच्यासारखे म्हणाले. वडील, जन्मभर शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेले, भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे पाहत राहिले. घडी केलेली पाचशेची नोट मीच पुढे केली. हवालदारांनी ती न पाहता फायलीत सरकवली आणि स्वतःचे पेन उमटेना म्हणून माझे मागून घेतले. ‘चारित्र्य चांगले’ हे शब्द माझ्याच शाईने लिहिले गेले आणि त्या शब्दांच्या बळावर मी इथे आलो. वडिलांनी पोह्यांची बशी उचलली. त्या विषयावर ते माझ्याशी पुढे कधीच बोलले नाहीत.

कादंबरीत असाच एक प्रसंग आहे. फौजदार पडताळणीला गेलेला असताना घरातला मुलगा नोट पुढे करतो, फौजदार ती परत करतो आणि मुलगा घाबरतो, कारण आता आपला पासपोर्ट अडणार असे त्याला वाटते. लंडनच्या भुयारी रेल्वेत, पिकॅडिली लाइनवर, ते पान मी दोनदा वाचले. माझी नोट त्या दिवशी परत आली असती, तर मीही त्या हवालदारांना बावळटच म्हटले असते.