कलम १८९, व्हिसा १८९

"ऑस्ट्रेलिया बघा. बोटीतून उतरला की उचलायचा आणि आत टाकायचा. चर्चा नाही." साताऱ्याहून हा निरोप हल्ली वेगवेगळ्या तोंडून येतो, पण शब्द तेच. निमित्त नेहमीचं. बांधकामावर सेंट्रिंग करणारी बंगाली बोलणारी पोरं, सराफी पेठेतले बंगाली कारागीर. ते मुर्शिदाबादचे की सीमेपलीकडचे, हे तपासायच्या आधीच उपाय ठरलेला आहे: डिटेन्शन सेंटर बांधा, ऑस्ट्रेलियासारखं.

बांधा की. पण जे यंत्र मागवताय ते चालतं कसं, एवढं तरी विचारा.

इथे ऑस्ट्रेलियात आपल्या माणसांना १८९ हा आकडा तोंडपाठ असतो. वयाचे, डिग्रीचे, इंग्रजीचे पॉइंट जुळवून जो व्हिसा मिळवायचा, तो सबक्लास १८९. "वन-एटी-नाइन आलं" म्हणजे घरी पेढे. ज्या कायद्याच्या छत्राखाली तो व्हिसा मिळतो, त्या १९५८ च्या मायग्रेशन ॲक्टमध्ये कलम १८९ सुद्धा आहे. ते मात्र कुणी उघडून बघत नाही. समोरचा माणूस व्हिसा नसलेला परका आहे हे अधिकाऱ्याला माहीत असेल, किंवा तसा वाजवी संशय असेल, तर त्याने त्याला ताब्यात घेतलंच पाहिजे, असं ते सांगतं. "घेऊ शकतो" नव्हे, "घेतलंच पाहिजे". सगळी मेख या एका शब्दात आहे. वॉरंट लागत नाही, आरोप ठेवावा लागत नाही, मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावं लागत नाही, जामिनाचा प्रश्नच नाही. माणूस धोकादायक आहे का, सोडला तर पळेल का, हे कुणी बघत नाही, कारण कायद्याने ते विचारलेलंच नाही. सुटका कधी, ते कलम १९६ मध्ये: व्हिसा मिळाला तर, देशाबाहेर काढलं तर, किंवा नाउरूसारख्या दुसऱ्या देशातल्या बेटावर नेलं तर. तारीख कुठेही लिहिलेली नाही.

आता साताऱ्याचा हिशेब लावा. गावातल्या गुंडाला एमपीडीएखाली स्थानबद्ध केलं, तरी त्याला कारणं लेखी द्यावी लागतात, प्रकरण सल्लागार मंडळापुढे जातं, आणि बारा महिन्यांच्या पुढे ठेवता येत नाही. तडीपारीला आधी नोटीस, मग म्हणणं मांडायची संधी, आणि जास्तीत जास्त दोन वर्षं. खंडणी मागणाऱ्याला तुम्ही जेवढं देता, तेवढं इथे आसरा मागणाऱ्याला मिळत नाही. प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी १८३९ मध्ये साताऱ्याच्या गादीवरून काढून काशीला नेऊन ठेवलं, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी वर्षानुवर्षं लंडनमध्ये भांडत बसले. त्या गावातून "चर्चा नाही" हे शब्द यावेत, हे मला जरा जड जातं.

हे सगळं उजव्यांचं काम आहे अशीही एक समजूत आहे. १९९२ मध्ये हे आणलं पंतप्रधान कीटिंग यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने, कंबोडियाकडून आलेल्या बोटींसाठी. तेव्हा २७३ दिवसांची मर्यादा होती. १ सप्टेंबर १९९४ पासून सक्ती व्हिसा नसलेल्या प्रत्येकाला लागू झाली आणि मर्यादा गेली. शिवाय एक गंमत अशी की कोंडलेल्या माणसाच्या नावावर कोंडल्याच्या दिवसांचं बिल निघायचं. लॉजवर निघतं तसं. ते २००९ मध्ये बंद झालं.

"पण बोटी थांबल्या ना?" हा पुढचा मुद्दा. थांबल्या, पण कोंडल्याने नव्हे. सक्ती १९९२ पासूनची, आणि बोटी सर्वांत जास्त आल्या त्या त्यानंतर. एकट्या २०१३ मध्ये वीस हजारांवर माणसं बोटीने आली. थांबल्या त्या सप्टेंबर २०१३ नंतर, नौदल आणि सीमाशुल्क खात्याच्या नौका त्यांना समुद्रातूनच मागे वळवू लागल्यावर. त्याला समुद्र लागतो. ऑस्ट्रेलियाला जमिनीवरची सीमाच नाही. भारत-बांगलादेश सीमा ४,०९६ किलोमीटरची आहे, नद्यांमधून आणि भातखाचरांमधून जाणारी. तिथे कोणती बोट कुठे वळवणार?

खरं दुखणं आहे बाहेर पडायच्या दाराचं. आत घालायला एक अधिकारी पुरतो, बाहेर काढायला दुसरा देश लागतो. त्या देशाने "हा आमचा" म्हणून प्रवासाचा कागद दिला नाही, तर विमानात बसवणार कसं? इराण सक्तीने पाठवलेला माणूस घेत नाही. कुवेतमध्ये जन्मलेल्या एका पॅलेस्टिनी माणसाला कुठलाच देश आपला म्हणेना. तो कायमचा आत राहिला तरी चालेल, असं इथल्या हायकोर्टाने २००४ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी सांगितलं. (इथलं हायकोर्ट म्हणजे आपलं सुप्रीम कोर्ट.) तो निकाल उलटायला एकोणीस वर्षं लागली. नोव्हेंबर २०२३ मध्ये एका रोहिंग्याच्या खटल्यात त्याच कोर्टाने ठरवलं, की बाहेर काढायची खरी शक्यताच नसेल तर कोंडून ठेवता येणार नाही. दीडशेच्या आसपास माणसं सोडावी लागली. त्यात गुन्ह्याची शिक्षा भोगून झालेलेही होते, त्यामुळे हलकल्लोळ. सरकारने घाईघाईने घोट्याला पट्टा आणि रात्रीची संचारबंदी लावली. वर्षभरात कोर्टाने तेही घटनाबाह्य ठरवलं. तीस वर्षं जे यंत्र "साधं आणि कडक" म्हणून विकलं, त्याची ही अवस्था.

तुमच्याकडेही अडचण हीच. बांगलादेशने नागरिकत्व पडताळून होकार दिल्याशिवाय माणूस रीतसर परत जात नाही. आसामात गोआलपाड्याजवळ मातियाला तीन हजारांचं केंद्र उभं आहे, ते एकदा बघून या. आसामातल्या कोंडलेल्यांना तीन वर्षांनी जामीनदारांवर सोडा, असं सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्ये सांगितलं. २०२० मध्ये मुदत दोन वर्षं केली आणि रक्कम पाच हजारांवर आणली. या बाबतीत भारताचं कोर्ट ऑस्ट्रेलियाच्या पुढे होतं, हे साताऱ्यात कुणी अभिमानाने सांगत नाही. बाकी ठिकाणी तुलना उलटी आहे, तेही कबूल. इथे आत किती, किती दिवस, कुठल्या देशाचे, याचे आकडे दर महिन्याला जाहीर होतात. दोन वर्षं झाली की लोकपालाकडे अहवाल जातो, मग दर सहा महिन्यांनी. लोकपालाची शिफारस मंत्र्यावर बंधनकारक नाही हा भाग वेगळा, पण कागद सापडतो. आपल्याकडे माणूस सापडला तरी कागद सापडत नाही.

खर्चाचं बोलू. खर्चकपातीसाठी नेमलेल्या सरकारी आयोगाने २०१४ मध्ये माणशी वर्षाचा हिशेब मांडला होता: बेटावर ठेवलं तर चार लाख डॉलरच्या वर, देशातल्या केंद्रात २ लाख ३९ हजार, वस्तीत देखरेखीखाली एक लाखाच्या आत, आणि तात्पुरता ब्रिजिंग व्हिसा देऊन सोडलं तर सुमारे चाळीस हजार. सर्वांत महाग तेच सर्वांत लोकप्रिय ठरलं. मतांच्या राजकारणात हे नवीन नाही, साखर कारखान्यांच्या जिल्ह्याला तर मी काय सांगणार.

आणि चुका. जिथे "संशय" पुरतो आणि तपासायला न्यायाधीश नसतो, तिथे भाषाच पुरावा होते. मानसिक आजाराने भरकटलेली एक बाई, ऑस्ट्रेलियाची कायमची रहिवासी, जर्मन बोलली आणि खोटं नाव सांगितलं म्हणून २००४-०५ मध्ये दहा महिने कोंडून राहिली. दुसरी तर ऑस्ट्रेलियाची नागरिक, तिला २००१ मध्ये फिलिपिन्सला धाडून दिलं. दोघींची चौकशी झाली, अहवाल आले. सेंट्रिंगवाल्या पोराने बंगालीत "आमि" म्हटलं की तो बांगलादेशी, हा तुमचा निकष यापेक्षा फार वेगळा नाही. त्याच्यासाठी अहवाल कोण लिहिणार?

आता साताऱ्याच्या ग्रुपवर कुणाला आवडणार नाही ते. आसरा मागणाऱ्यांच्या रांगेत आपली पोरंही आहेत. स्टुडंट व्हिसावर विमानाने यायचं, कॉलेज सोडायचं, आणि मुदत संपायच्या आत ८६६ चा, म्हणजे आसऱ्याच्या व्हिसाचा, अर्ज टाकायचा. अर्ज वैध धरला की ब्रिजिंग व्हिसा मिळतो, मग नकार, मग ट्रिब्युनल, मग कोर्ट. बहुतेक भारतीय अर्ज फेटाळले जातात, पण त्यात वर्षं जातात आणि तेवढ्यात मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात गाडी चालवून कर्ज फिटतं. तोच दावा बोटीतून आलेल्याने केला, तर मंत्र्याने स्वतः अडसर काढल्याशिवाय त्याला अर्जसुद्धा टाकता येत नाही. विमानाचं तिकीट आणि बोटीतली जागा, यावर कोंडणं ठरतं. खरं-खोटं नंतर.

लग्नाचा बस्ता बांधायला सातारा-सांगलीची माणसं कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातात. ते गाव म्हणजे वळिवड्याची छावणी. १९४३ ते ४८ तिथे पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका-पोरं. शाळा, चर्च, दुकानं, सगळं त्यांनी केलं. ते गेल्यावर फाळणीतले सिंधी त्याच बराकींत आले आणि त्यांनी बाजार उभा केला. कापड घासाघीस करून घेताना कुणी त्यांना "आत टाका" म्हटल्याचं ऐकिवात नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली, तीही कायद्यातलीच. ऑस्ट्रेलियात कायमचा रहिवासी हासुद्धा "नॉन-सिटिझन"च असतो, फक्त व्हिसा असलेला. २०१४ च्या डिसेंबरपासून बारा महिने किंवा जास्त शिक्षा होऊन तुरुंगात असलेल्याचा व्हिसा आपोआप रद्द होतो, आणि तुरुंगाच्या दारात कलम १८९ उभं असतं. तीस वर्षं इथे राहिलेलेही असे गेलेत. मेलबर्नचं केंद्र ब्रॉडमेडोजला आहे, रस्त्याचं नाव कॅम्प रोड. क्रेगीबर्नच्या लोकल लाइनवर आपली निम्मी वस्ती त्याच्या अलीकडून-पलीकडून रोज कामाला जाते.

नागरिकत्वाचा अर्ज माझाही भरायचा आहे. पण भारतीय पासपोर्ट सोडला की ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयाचं कार्ड), आणि ओसीआयला शेतजमीन वारसाने मिळते, विकत घेता येत नाही. बांधाला लागून वीस गुंठे विकाऊ आहेत. त्याचा फेरफार मंडळ अधिकाऱ्याकडून मंजूर होईपर्यंत मी इथे व्हिसावरचाच.