‘वीस टक्के राखून ठेवा, विषय संपला’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

स्नॅपशॉटच्या, म्हणजे एखाद्या क्षणी डेटा जसा होता तसा परत मिळवून देणाऱ्या प्रतींच्या, जागेबद्दलच्या माझ्या लेखावर तुम्ही मडगावहून वेळ काढून लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुमची हरकत गंभीर आहे, म्हणून उत्तर थोडं लांबणार. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी सांगतो. तुम्ही एका खासगी इस्पितळाचं स्टोरेज सांभाळता. नेटअ‍ॅपची ऑनटॅप ही स्टोरेज प्रणाली आहे, प्रत्येक व्हॉल्यूमवर (साठवणीच्या स्वतंत्र कप्प्यावर) सरसकट २० टक्के जागा स्नॅपशॉटसाठी राखीव आहे, स्नॅपशॉट १४ दिवस ठेवायचं धोरण आहे आणि जागा कमी पडली तर ऑटोडिलीट, म्हणजे स्नॅपशॉट आपोआप पुसणारी सोय, आहेच. आजवर काही अडलेलं नाही. त्यामुळे ‘व्हॉल्यूमवार बदलाचा वेग मोजा’ हा माझा सल्ला म्हणजे दोन माणसांच्या टीमवर टाकलेलं जास्तीचं ओझं आहे, आणि मी नवीन मुलांना उगाच घाबरवतो आहे.

दोन माणसांत सगळं बघावं लागतं हे मला ठाऊक आहे. तरीही मी माझं म्हणणं सोडत नाही, आणि कारण तुमच्याच प्रतिक्रियेत आहे.

तुम्ही पुरावा म्हणून सीटी-एमआरआयच्या प्रतिमांचा व्हॉल्यूम दाखवलात. रोज शंभरेक जीबीची भर पडते, तरी राखीव जागा भरत नाही. बरोबर, भरणारच नाही. नव्याने लिहिलेला डेटा स्नॅपशॉटची जागा खात नाही. जागा लागते ती जुना ब्लॉक (डेटाचा छोटा तुकडा) बदलला किंवा पुसला गेला तर, कारण स्नॅपशॉटला तो जुना ब्लॉक धरून ठेवावा लागतो. रुग्णाची प्रतिमा एकदा साठवली की तिच्यात कुणी फेरफार करत नाही. तो व्हॉल्यूम ४० टीबीचा असेल तर २० टक्के म्हणजे ८ टीबी तुम्ही अशा बदलासाठी अडवून ठेवले आहेत, जो तिथे जवळजवळ होतच नाही.

आता त्याच इस्पितळातला नोंदणी, बिलं, औषधसाठा यांचा डेटाबेस घ्या. समजा व्हॉल्यूम ४ टीबीचा आहे आणि रोज त्यातले ६ टक्के ब्लॉक बदलतात, म्हणजे २४० जीबी. तुमचे २० टक्के म्हणजे ८०० जीबी. साडेतीन दिवसही पुरत नाहीत. धोरण १४ दिवसांचं, त्याला ३,३६० जीबी लागतील. एकाच नियमाने एकीकडे जागा पडून राहिली आणि दुसरीकडे चौपट कमी पडली. आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, तुमचे वेगळे निघतील. पण व्हॉल्यूमच्या आकाराकडे बघून ते कळणार नाहीत, हे मात्र पक्कं.

वीस टक्के आले कुठून? जुन्या डेटा ऑनटॅपमध्ये नवीन व्हॉल्यूम बनवला की २० टक्के आपोआप राखीव व्हायचे. आताच्या आवृत्त्यांत तो आकडा ५ टक्के आहे. दोन्ही कंपनीने सुरुवातीला घालून दिलेले आकडे. तुमच्या इस्पितळात दिवसाला काय लिहिलं जातं, याचा त्यांत कुठेच विचार नाही.

‘काही अडलेलं नाही’ यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. ऑटोडिलीट चालू असलेल्या व्हॉल्यूमवर अडत नाही, याचा अर्थ जागा पुरते असा होत नाही. स्नॅपशॉट गुपचूप कमी होत असतील, असाही होऊ शकतो. ऑटोडिलीटचा मूळ क्रम सगळ्यात जुना आधी असा आहे. धोरणात १४ दिवस लिहिलेले राहतात, आणि व्हॉल्यूमवर प्रत्यक्षात चार दिवसांचे सापडतात. वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही. दहा दिवसांपूर्वीची फाइल मागायला कुणी येतं, तेव्हाच ते उघडं पडतं.

ऑटोडिलीट बंद असेल तर वेगळी अडचण. ऑनटॅपमध्ये राखीव जागा ही भिंत नाही. स्नॅपशॉट ती ओलांडून चालू डेटाच्या जागेत शिरतात. मग ‘डिस्क फुल’ असा फोन येतो, कुणीतरी घाईने ५०० जीबीच्या जुन्या फायली पुसतं आणि रिकामी जागा होती तेवढीच राहते. पुसलेले ब्लॉक स्नॅपशॉटने धरलेले असतात. बाकीच्या प्रणाली ‘भरलं’ याला आणखी वेगळं उत्तर देतात. लिनक्सच्या एलव्हीएम या व्हॉल्यूम सांभाळणाऱ्या सोयीत जुन्या पद्धतीच्या स्नॅपशॉटला दिलेली जागा संपली की तो स्नॅपशॉटच निकामी होतो, मूळ व्हॉल्यूम चालू राहतो. भरल्यावर आपल्या स्टोरेजच्या पेटीत नेमकं काय होतं, हे घेण्याआधीच विचारून ठेवायला हवं.

यातून रॅन्समवेअरकडे, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या हल्ल्याकडे, येऊ. ‘म्हणून तर स्नॅपशॉट ठेवतो’ असं तुम्ही लिहिलंत. त्या ४ टीबीच्या व्हॉल्यूमवर ३ टीबी डेटा आहे असं धरा. हल्लेखोराने सगळं एन्क्रिप्ट केलं तर जुने ३ टीबी स्नॅपशॉटकडे राहतात आणि नवे ३ टीबी लिहायला जागा मागतात. शिवाय एन्क्रिप्ट झालेला डेटा दाबून लहान करता येत नाही आणि त्यात डीडुप्लिकेशनलाही (सारखे ब्लॉक एकदाच साठवण्याला) काही हाती लागत नाही, म्हणजे आधी तिथे बचत होत असेल तर तीही गेली. जागा संपते, ऑटोडिलीट जागं होतं आणि सर्वांत जुने स्नॅपशॉट काढायला लागतं. हल्ला लक्षात यायला दोन दिवस गेले आणि दर तासाचे नवे स्नॅपशॉट निघतच राहिले, तर स्वच्छ प्रती कोणत्या? सगळ्यात जुन्या. ज्यांच्यासाठी एवढं सगळं उभं केलं त्याच आधी जातात. ऑनटॅपमध्ये आधी व्हॉल्यूम वाढवायचा आणि तेही जमलं नाही तरच स्नॅपशॉट काढायचा, असा क्रम लावता येतो. खालच्या अ‍ॅग्रिगेटमध्ये (व्हॉल्यूम ज्या डिस्कसमूहातून जागा घेतात त्यात) जागा शिल्लक असेल तरच त्याचा उपयोग. रुग्णांच्या डेटाबेसवर तरी मी ऑटोडिलीटला सुरक्षेची तरतूद मानणार नाही.

‘मग लॉक करून टाकू’ हा तुमचा दुसरा मुद्दा. चांगला आहे. ऑनटॅप ९.१२.१ पासून स्नॅपशॉट ठरावीक मुदतीपर्यंत कुणालाच पुसता येणार नाही असा बंद करता येतो, अ‍ॅडमिनलाही नाही. पण मग हिशेब चुकला तर तो अ‍ॅडमिनलाही दुरुस्त करता येत नाही. आज जागा कमी पडली की तुम्ही जुना स्नॅपशॉट काढून वेळ मारून नेता. लॉक केल्यावर ती वाट बंद. म्हणजे लॉक करणाऱ्याने तर आधी मोजायलाच हवं.

१,०२३ स्नॅपशॉटची मर्यादा आहे, मग काटकसर कशाला, असंही तुम्ही विचारलंत. ऑनटॅप ९.४ पासून एका व्हॉल्यूमवर तेवढे चालतात, आधी २५५ होते. ही संख्येची मर्यादा झाली, जागेशी तिचा संबंध नाही. आणि वारंवारता वाढवली की जागाही वाढते. एखादा ब्लॉक दिवसभरात आठ वेळा बदलत असेल तर रोजच्या एका स्नॅपशॉटमध्ये त्याची एकच जुनी प्रत अडकते, दर तासाच्या स्नॅपशॉटमध्ये आठपर्यंत. त्यामुळे वेग मोजायचा तोही ज्या अंतराने स्नॅपशॉट काढणार त्याच अंतराने.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या नियमासाठी १८० दिवसांचे काही स्नॅपशॉट ठेवता, असं तुम्ही ओघात म्हटलंत. २८ एप्रिल २०२२ च्या त्या निर्देशात लॉग (प्रणालीत काय घडलं याच्या नोंदी) १८० दिवस जपायला सांगितलं आहे, डेटाबेसचे स्नॅपशॉट नव्हे. लॉग वेगळ्या जागी पाठवा, तिथे नुसती भर पडत जाते. डेटाबेस व्हॉल्यूमवर सहा महिन्यांपूर्वीचा स्नॅपशॉट म्हणजे तेव्हापासून बदललेला जवळजवळ सगळा डेटा धरून बसणं.

ओझ्याबद्दल. मला हवं असलेलं मोजमाप मोठं नाही. एक पूर्ण आठवडा, शक्यतो महिनाअखेर धरून, दोन लागोपाठच्या स्नॅपशॉटमधला फरक रोज लिहून ठेवा. तो ठेवायच्या दिवसांनी गुणा. त्यात एका वाईट दिवसाची भर घाला: इंडेक्स पुन्हा बांधणं, सॉफ्टवेअर अपग्रेड, किंवा कुणीतरी त्याच व्हॉल्यूमवर रोज रात्री घेत असलेला डेटाबेसचा पूर्ण डंप (सगळा डेटा एका फाइलीत उतरवणं). हा डंप फार घात करतो. ५०० जीबीची फाइल रोज नवी बनते, कालची पुसली जाते आणि १४ दिवसांत ७ टीबी अडकतात. तो दुसऱ्या व्हॉल्यूमवर हलवला की कित्येकदा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. स्नॅपशॉट काढून किती जागा मोकळी होईल हेही अंदाजाने ठरवू नका. झेडएफएस या फाइल-प्रणालीत प्रत्येक स्नॅपशॉटपुढे दिसणारा आकडा फक्त त्याच्या एकट्याकडे असलेल्या ब्लॉकचा असतो. तीन स्नॅपशॉटनी मिळून धरलेला १ टीबी तिघांपैकी कुणाच्याच नावावर दिसत नाही, आणि तिन्ही काढल्याशिवाय सुटतही नाही. ऑनटॅपमध्ये काढण्याआधी किती सुटेल ते विचारणारी आज्ञा आहे, ती वापरा.

इशारा ८० टक्क्यांवर लावला आहे, हे पुरेसं नाही. तो दिवसांत लावा. २४० जीबी रोज जात असतील आणि ५०० जीबी उरले असतील तर हातात दोन दिवस आहेत. २०२६ ची चवथ सोमवारी, १४ सप्टेंबरला येते. आधीचा शनिवार-रविवार आणि नंतरचा मंगळवार धरला तर चार दिवस दोघांपैकी एक तरी गावच्या घरी असणार, आणि त्या दिवसांत गोव्यात व्हेंडरचा माणूस मिळणं कठीण. इस्पितळ मात्र चालूच असतं. नवीन डिस्क शेल्फ मागवायची तर कोटेशन, मंजुरी, मग मुंबई-पुण्याहून माल. तेवढ्या दिवसांची पुंजी शिल्लक असतानाच इशारा वाजला पाहिजे.

प्रतिमांचा व्हॉल्यूम तसाच राहू द्या, तिथे राखीव जागा निर्धास्त कमी करा. डेटाबेसच्या व्हॉल्यूमवर मात्र आज एकच गोष्ट बघा: सगळ्यात जुन्या स्नॅपशॉटवर कोणती तारीख आहे. ती १४ दिवसांपूर्वीची असेल तर तुमचा वेग माझ्या अंदाजापेक्षा कमी आहे, आणि ते इथे जरूर लिहा, मी लेखात तुमचं उदाहरण जोडेन. अलीकडची असेल तर आठवड्याचे फरकाचे आकडे पाठवा. इस्पितळाचं नाव नको, फक्त आकडे. आपण दोघं मिळून हिशेब करू.