हॉवर्ड लॉ स्कूल म्हणजे नाइलाजाचं कॉलेज?

‘कृष्णवर्णीय वकील थरगुड मार्शल यांना गोऱ्यांच्या कॉलेजात प्रवेश नव्हता, म्हणून फक्त कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या दुय्यम हॉवर्डमध्ये शिकावं लागलं, तरी अमेरिकेतल्या शाळांमधला वंशभेद मोडणारा १९५४ चा ब्राउन खटला त्यांनी एकट्याच्या बुद्धीवर जिंकला.’ प्रेरणादायी म्हणून हा मजकूर बराच फिरतो. (हॉवर्ड, हार्वर्ड नव्हे.) मार्शल यांच्या राज्यातल्या मेरिलंड विद्यापीठाच्या लॉ स्कूलचं दार कृष्णवर्णीयांना बंद होतं, एवढं मात्र खरं.

‘फक्त कृष्णवर्णीयांसाठी’? वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठाच्या १८६७ च्या सनदेत वंशाची अट नव्हतीच. १८६९ मध्ये जॉन मर्सर लँगस्टन यांच्या हाताखाली कायद्याचे वर्ग सुरू झाले. १८७२ मध्ये तिथूनच शार्लट रे बाहेर पडल्या, देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील.

‘दुय्यम’ हा शब्द १९२५ साली कुणी वापरला असता, तर मी फारसा वाद घातला नसता. संध्याकाळचे वर्ग, दिवसभर नोकरी करून येणारे विद्यार्थी, वकील-संघटनेची मान्यता नाही. मग १९२९ मध्ये हार्वर्डमध्ये शिकलेल्या चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या हाती लॉ स्कूलचा कारभार आला. त्यांनी संध्याकाळचे वर्ग बंद केले, पूर्णवेळ शिक्षण सुरू केलं, १९३१ मध्ये मान्यता मिळवली. पोटापाण्यासाठी राबत शिकणाऱ्यांचा रस्ता त्यामुळे बंद झाला. त्यावरून लोक चिडले आणि माझ्या मते त्यांचं चुकलं नव्हतं. पण मार्शल शिकले ते या कडक हॉवर्डमध्ये. १९३३ च्या तुकडीत ते पहिले, ऑलिव्हर हिल दुसरे. पुढे मार्शल आणि ह्यूस्टन यांनी प्रवेश नाकारलेल्या डोनाल्ड मरे या कृष्णवर्णीय तरुणासाठी त्याच मेरिलंडवर खटला भरला आणि १९३६ मध्ये राज्याच्या वरिष्ठ न्यायालयातही जिंकला.

आता ‘एकट्याच्या बुद्धीवर’. ब्राउन हे नाव एक, पण एकत्र ऐकले गेलेले शाळांचे खटले पाच होते. कॅन्सस राज्यातला, म्हणजे खुद्द ब्राउन, रॉबर्ट कार्टर यांनी मांडला, तेही हॉवर्डचेच. व्हर्जिनियाचा हिल आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांनी उभा केला. वॉशिंग्टनचा ह्यूस्टन यांनी हाती घेतला होता; आजारपणात तो त्यांनी जेम्स नॅब्रिट यांच्याकडे सोपवला आणि १९५० मध्ये ते गेले. नॅब्रिट हॉवर्डमध्ये १९३८ पासून नागरी हक्कांचा कायदा शिकवत होते. सर्वोच्च न्यायालयात उभं राहण्याआधी वकील हॉवर्डमध्ये युक्तिवादाची रंगीत तालीम करत. प्राध्यापक न्यायाधीश होऊन त्यांना आडवेतिडवे प्रश्न विचारत. मार्शल मोठेच होते, पण त्या तालमीतले.

त्या वर्गांत सगळं गोड होतं असंही नाही. मार्शल यांच्यानंतर तिथे शिकलेल्या पॉली मरे वर्गात एकट्याच बाई. मुली कायदा शिकायला कशाला येतात हे कळत नाही, असं एक प्राध्यापक पहिल्याच दिवशी बोलून गेले. सोयी समान आहेत का हे मोजत बसण्यापेक्षा ‘वेगळं पण समान’ (सोयी समान असतील तर वंशानुसार वेगळं ठेवणं कायदेशीर) या तत्त्वावरच थेट घाव घाला, असं त्या म्हणाल्या तेव्हा वर्ग हसला. पंचवीस वर्षांच्या आत ते तत्त्व कोसळेल, अशी दहा डॉलरची पैज त्यांनी तिथे प्राध्यापक असलेल्या याच स्पॉट्सवुड रॉबिन्सन यांच्याशी लावली, त्यावर निबंधही लिहिला आणि १९४४ मध्ये वर्गात पहिल्या आल्या. दहाच वर्षांत ब्राउनचा निकाल लागला. खटल्याच्या तयारीच्या वेळी रॉबिन्सन यांनी तोच निबंध बाहेर काढला होता, हे पॉली मरे यांना कितीतरी वर्षांनी कळलं.