छापलं की कर माफ? अर्धवट मेसेजचा पूर्ण हिशेब

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या आणि व्यापाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. म्हणणं असं: वर्तमानपत्र घटनेनेच करमुक्त आहे, ते जीएसटीच्या कक्षेत येतच नाही, म्हणून छापील वस्तूवर कर घेणारा छापखानेवाला, जाहिरातीवर जीएसटी लावणारं पेपरचं ऑफिस आणि जीएसटी नंबर नसलेला पेपरवाला, तिघेही ग्राहकाला लुटतात. बिल अडवा, तक्रार करा. छापखान्यांचे हिशेब बघणं हा माझा व्यवसाय. हा मेसेज पुढे करून लग्नपत्रिकांचं बिल अडवणारे भेटायला लागले, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

घटनेचा आधी, कारण मेसेजचा सगळा तोरा त्यावरच आहे. जीएसटीपूर्वी यात अर्धं खरं होतं. घटनेतल्या राज्यसूचीच्या, म्हणजे राज्यांच्या अधिकारांच्या यादीच्या, 54व्या नोंदीने राज्यांना मालाच्या खरेदी-विक्रीवर कर लावण्याचा अधिकार दिला होता, पण त्यातून वर्तमानपत्रं स्पष्टपणे वगळली होती. म्हणून 1959चा मुंबई विक्रीकर कायदा असो की 2005 साली आलेला व्हॅट, पेपरच्या विक्रीवर महाराष्ट्र सरकारला छदामही घेता आला नाही. मात्र ही मनाई फक्त राज्यांना होती. केंद्रसूचीतल्या, म्हणजे केंद्राच्या अधिकारांच्या यादीतल्या, 92व्या नोंदीत पेपरची विक्री आणि त्यातल्या जाहिराती, दोन्हींवर कर लावायचा अधिकार केंद्राला दिलेला होता. न्यूजप्रिंटवरच्या, म्हणजे पेपर छापायच्या कागदावरच्या, आयात शुल्काच्या वादात सर्वोच्च न्यायालयानेही 1984 साली सांगितलं, की वृत्तपत्रांना करातून सरसकट मुक्ती नाही. करामुळे अभिव्यक्तीचा गळा आवळला जात असेल, तर गोष्ट वेगळी.

पुढे 2016च्या 101व्या घटनादुरुस्तीने 92वी नोंद काढून टाकली आणि 54वी बदलली. आता ती पेट्रोल, डिझेल, दारू अशा मोजक्या मालापुरती उरली आहे. म्हणजे जीएसटीबाहेर आहे ते पेट्रोल. पेपर आतच आहे. त्याचा दर शून्य आहे तो सरकारी अधिसूचनेमुळे: आधी जून 2017 मध्ये निघालेली, आणि सप्टेंबर 2025 पासून तिच्या जागी आलेली नवी. जीएसटी परिषदेने शिफारस केली, तर दुसरी अधिसूचना काढून हा दर बदलता येतो, त्यासाठी घटनेला हात लावावा लागत नाही. मला स्वतःला ही स्थिती बरी वाटत नाही. पण आहे ती अशी आहे.

‘छापील ते सगळं माफ’ हा दुसरा दावा बिलाशी थेट भिडतो. माफी यादीतल्या ठरावीक वस्तूंना आहे: छापील पुस्तकं, ब्रेल पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं-नियतकालिकं (आत जाहिराती असल्या तरी), मुलांची चित्रांची नि रंगवायची पुस्तकं. शाळेच्या वह्याही 22 सप्टेंबर 2025 पासून शून्यावर आल्या. पण वही माफ आणि डायरी 18 टक्के. कॅलेंडर, लग्नपत्रिका, दुकानाची जाहिरात-पत्रकं यांवरही 18 टक्के. या छापील मालाचा दर ऑक्टोबर 2021 मध्ये 12 वरून 18 झाला. नाशिकरोडच्या प्रेसमधून रिझर्व्ह बँकेला जाणाऱ्या नोटा माफ आहेत. चेकबुकवर मात्र 18 जुलै 2022 पासून 18 टक्के लागतात. शाई आणि कागद बघून दर ठरत नाही, वस्तू बघून ठरतो. मोबाइलवर वाचायच्या ई-पेपरच्या वर्गणीवरही 18 टक्के आहेत, बातम्या त्याच असल्या तरी.

‘पेपर करमुक्त, मग जाहिरात कशी करपात्र?’ प्रत विकणं आणि पानावरची जागा विकणं हे दोन वेगळे व्यवहार आहेत. छापील पेपरातल्या जागेवर 5 टक्के लागतात, मग ती श्रद्धांजलीची चौकट असो की फ्लॅटची पानभर जाहिरात. त्याच पेपरच्या वेबसाइटवर जाहिरात दिली तर 18.

आणि माफी म्हणजे प्रकाशकाची चैन, असंही नाही. न्यूजप्रिंटच्या रिळावर तो 5 टक्के भरतो, यंत्राच्या दुरुस्तीवर 18. विक्री माफ असल्यामुळे तेवढ्या हिश्शाचं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, त्याला मिळत नाही. जाहिरातीच्या उत्पन्नाच्या प्रमाणात तेवढं मिळतं. म्हणजे ज्याला जाहिराती कमी, त्याच्या खर्चात जास्त कर अडकतो. जिल्ह्याच्या लहान साप्ताहिकाला हे जास्त बोचतं, आणि यावर एकही मेसेज फिरत नाही.

पेपरवाल्याचं प्रकरण तर एका ओळीचं. फक्त करमाफ माल विकणाऱ्याला जीएसटी कायद्याच्या कलम 23 प्रमाणे नोंदणीच लागत नाही. पहाटे पाचला गठ्ठे सोडणाऱ्या माणसाकडे जीएसटी नंबर मागून महिन्याचं बिल थकवणं याला जागरूकता म्हणत नाहीत.

तक्रार करायचीच असेल, तर तिला खरी जागा दोन ठिकाणी आहे. छापील पेपरच्या किंवा पुस्तकाच्या किमतीवर वेगळा जीएसटी लावला असेल, तर तो चूक आहे. आणि छापखाना कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांनी उलाढालीवर ठरावीक दराने कर भरायच्या योजनेत असेल, तर त्याला ग्राहकाकडून कर गोळा करताच येत नाही. त्याच्या बिलावर तसं छापलेलं असायला हवं. बिलावरचा जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला, की तो नेहमीचा करदाता आहे की कंपोझिशनवाला, हे तिथेच दिसतं.