बाल न्याय मंडळात वकिलाचं खरं काम

अठरा वर्षांखालच्या मुलांवरचे गुन्ह्यांचे आरोप बाल न्याय मंडळ पाहतं. त्याच्यापुढे उभे राहणारे बरेच वकील सेशन्स कोर्टाची सवय घेऊन येतात. तारीख घ्यायची, साक्षीदाराची उलटतपासणी करायची, शेवटी दणदणीत युक्तिवाद. पण इथे मुलाचं बरंचसं भवितव्य पहिल्या दोन आठवड्यांत ठरतं, आणि नेमके तेव्हाच वकीलसाहेब दिसत नाहीत.

आधी अशील कोण ते पक्कं करा. फी वडील देत असले तरी अशील ते मूलच. त्याच्याशी एकट्याने बोला. घरची मारहाण, शाळा का सुटली, कोणत्या मोठ्या माणसाने कामाला लावलं, हे आईबापांसमोर बाहेर येत नाही. ‘कळलं का?’ विचारलं की पोरं मान डोलावतात. त्याऐवजी ‘आता पुढे काय होणार, तू मला सांग’ म्हणा.

ताब्यात घेतल्यापासून प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मुलाला मंडळापुढे हजर करायला हवं. कोठडी नाही, बेडी नाही, जबाबावर सहीची सक्ती नाही. कागदावरची वेळ आणि खरी वेळ जुळेलच असं नाही. म्हणून कोणी, कुठून, किती वाजता नेलं ते घरच्यांकडून लिहून घ्या आणि पहिल्याच दिवशी मंडळाला लेखी द्या. मारहाण झाली असेल तर वैद्यकीय तपासणीचा अर्जही तेव्हाच. आठवड्याने वळ दिसत नाहीत.

जामिनात चूक ठरलेली: गुन्हा किती किरकोळ यावर वाद घालत बसायचं. बाल न्याय कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा जामीनपात्र की अजामीनपात्र हा प्रश्नच नाही. नाकारायची कारणं तीनच: गुन्हेगारांची संगत लागण्याची शक्यता, मुलालाच धोका, किंवा न्यायाचा हेतू विफल होणं. तेव्हा बोलायचं ते यावर. वस्तीतल्या टोळीची भीती असेल तर दुसऱ्या गावच्या मामाचं संमतीपत्र आणा, तिथल्या शाळेत प्रवेशाची सोय दाखवा. गरीब घराला जामीनदार मिळत नाही, म्हणून जामीनदाराशिवाय, परिविक्षा अधिकाऱ्याच्या (मुलाच्या घरची चौकशी आणि देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याच्या) देखरेखीखाली सोडण्याची मागणी सुरुवातीलाच करा. अटी सात दिवसांत पूर्ण झाल्या नाहीत तर त्या बदलून घेण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणायचं असतं. हे पुष्कळांच्या लक्षातच नसतं आणि आदेश होऊनही पोर निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशीच्या काळात मुलांना ठेवतात तिथेच, राहतं.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल, मुलाच्या घरच्या-शाळेच्या परिस्थितीचा. तो दोन आठवड्यांत यायचा असतो. परिविक्षा अधिकाऱ्यावर कामाचा ढीग असतो. घराला कुलूप दिसलं, शेजाऱ्यांना विचारलं, ‘कुटुंबाचे नियंत्रण नाही’ असं लिहिलं, संपलं. मग तेच वाक्य जामिनात, प्राथमिक मूल्यांकनात (अतिगंभीर गुन्ह्यात १६ वर्षांवरच्या मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवताना), अंतिम आदेशात फिरत राहतं. आई रात्रपाळीला जाते म्हणून कुलूप होतं, हे त्यात कुठेच नसतं. ‘अहवाल येऊ दे, मग हरकत घेऊ’ म्हणण्याला अर्थ नाही. भेटीआधीच अधिकाऱ्याला घरच्यांच्या कामाच्या वेळा, शिक्षकांचं नाव, औषधोपचाराचे कागद द्या.

वय ठरवण्यासाठी त्याच कायद्यात कलम ९४ चा क्रम आहे: शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, नसेल तर पालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तेही नसेल तरच हाडांची चाचणी. चाचणीत दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात. तरी दाखला हाती असताना तिला ‘हरकत नाही’ म्हणणारे महाभाग आहेत! नुसता शाळा सोडल्याचा दाखला या क्रमात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये म्हटलंय.

मूल १६ च्या वरचं असेल तर ‘अतिगंभीर गुन्हा’ हा शिक्का गपगुमान मान्य करू नका. किमान शिक्षा सात वर्षं आहे का ते कलम उघडून पाहा. कमाल जास्त पण किमान ठरवलेलीच नसेल तर तो अतिगंभीर नव्हे, हे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. आणि मंडळावर बालमानसशास्त्राचा जाणकार नसेल तर मूल्यांकनात तज्ज्ञाची मदत घ्यावीच लागते (२०२२ चा निकाल). बुद्ध्यांक चांगला म्हणजे परिणामांची जाण पक्की, हे गणित अहवालात दिसलं की तिथेच अडवा.

आदेशानंतर फाईल बांधून ठेवायची घाई नको. बाल न्यायालयाने (प्रौढासारखा खटला जिथे चालतो, त्या मंडळाहून वेगळ्या न्यायालयाने) दोषी ठरवलेली १६ वर्षांवरची मुलं सोडली तर अपिलाची मुदत संपल्यावर दोषसिद्धीची नोंद नष्ट व्हायची असते. त्यासाठी अर्ज करा, पोलीस ठाण्याच्या नोंदीचाही त्यात स्पष्ट उल्लेख करा. नाहीतर पाच वर्षांनी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत ती नोंद वर येते आणि तेव्हा त्या मुलाजवळ वकील नसतो.