मार्शल टकर बँडमध्ये मार्शल टकर नव्हताच!

'मार्शल टकर बँड' या अमेरिकी रॉक बँडवरच्या तुमच्या लेखात मार्शल टकरला बँडचा संस्थापक म्हटलंय, ते तेवढं दुरुस्त करा. या नावाचा माणूस बँडमध्ये कधीच नव्हता. साउथ कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गला ही पोरं ज्या गोदामात तालीम करायची, त्याच्या किल्लीवर हे नाव होतं. खरा मार्शल टकर म्हणजे पियानो सुरात लावून देणारा एक अंध गृहस्थ!

बँडचा कणा होता टॉय कॉल्डवेल. व्हिएतनाममध्ये जखमी होऊन परतलेला मरीन सैनिक. पिक (तारा छेडायची छोटी चकती) न वापरता नुसत्या अंगठ्यानं गिटार वाजवायचा, म्हणून तो गोलसर, मऊ आवाज. 'कॅन्ट यू सी' ऐका, सुरुवातीलाच जेरी यूबँक्सची बासरी. सदर्न रॉकमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॉक संगीतात, बासरी! आपल्या कानांना ती लगेच जवळची वाटते (मला तरी वाटली).

१९७३ च्या पहिल्या अल्बमनंतर सात-आठ वर्षं जोरात गेली. १९८० मध्ये टॉयचा भाऊ, बास वाजवणारा टॉमी, मोटार अपघातात गेला आणि सगळं विस्कटलं. पुढे टॉयनंही बँड सोडला, १९९३ मध्ये तोही गेला. गायक डग ग्रेनं मात्र नव्या वादकांना घेऊन गाडा ओढला. जुनी मजा त्यात नाही, पण त्याच्या चिकाटीबद्दल लेखात दोन ओळी हव्या होत्या.