सहा पूर्णांक दोन तृतीयांश

गणिताशी कायमची फारकत घ्यायची म्हणून मी बी.ए.ला संगीत घेतलं. तीन वर्षं तानपुऱ्यामागे बसायचं, ‘वाहवा’ म्हणायचं, एवढाच माझा अंदाज. पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर संगीतशास्त्री भातखंड्यांचे दहा थाट, म्हणजे रागांचे दहा गट, लिहिले. मग म्हणाले, मारवा, पूरिया आणि सोहनी या रागांचे स्वर तेच, आता वेगळेपण सांगा. मला ती एकाच युनिफॉर्ममधली तीन भावंडं वाटली.

दुसऱ्या वर्षी स्वतःची बंदिश बांधायची होती. मी भूप राग घेतला. सा रे ग प ध, पाचच स्वर, त्यात चुकायला जागा ती किती! चार रात्री जागून तीनतालात बसवली. सरांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, “छान! देसकार मस्त जमलाय तुला.” भूपाचा वादी, म्हणजे मुख्य स्वर, गंधार (ग); त्याच पाच स्वरांच्या देसकार रागाचा धैवत (ध). मी धैवतावर पाहुण्यासारखा मुक्काम ठोकला होता, आणि घरमालक गंधार बिचारा ओसरीवर. “पण सर, पाचही स्वर भूपाचेच आहेत ना?” यावर सरांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेला अजून कुणी नोटेशन काढलेलं नाही.

कळस झाला लेखी परीक्षेत. ‘झपतालाची तिगुन एका आवर्तनात लिहा.’ दहा मात्रांचे बोल तिप्पट वेगाने म्हटले की तीन पूर्णांक एक तृतीयांश मात्रांत संपतात. म्हणजे समेवर, पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पोचायचं तर सुरुवात सहा पूर्णांक दोन तृतीयांश मात्रांनंतर. सातव्या मात्रेच्या पोटात दोन अवग्रह, म्हणजे बोलाविना जागा, मग पहिला बोल धीं! मी हातावर ताल धरून मोजत होते. खाली बोटं, वर टाळी, मध्येच ओठांची पुटपुट. सुपरव्हिजनला कॉमर्सचे सर होते. ते तडक माझ्या बाकापाशी आले.

“कुणाला खुणा चालल्यात?”

“सर, झपताल आहे.”

“कुठल्या बाकावर?”

मी मुकाट्याने पेपर पुढे केला. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी माझी आकडेमोड तपासली. दहाला तीनने भागून पाहिलं. तो अपूर्णांक बघून त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी पहिल्यांदाच माया दाटून आली. खाली वाकून हळूच म्हणाले,

“एवढं कशाला ताणतेस, बाळ? सरळ सात धर की!”